बाटलीवरचा ‘आर-डीएनए’ आणि पाकिटातली सरकी

प्रश्न : माझ्या सासूबाईंना रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. परवा बाटलीवरची बारीक अक्षरे वाचताना ‘ह्यूमन इन्सुलिन, आर-डीएनए ओरिजिन’ असे दिसले. मुलगा बारावीला आहे. तो म्हणाला, माणसाच्या डीएनएचा तुकडा जिवाणूत घालून हे इन्सुलिन करतात. ते ऐकल्यापासून सासूबाई इंजेक्शन घ्यायला कांकू करू लागल्या आहेत. ‘कुणाच्या अंगातला तुकडा कोण जाणे, आणि तो माझ्या अंगात जाऊन बसला तर?’ असे त्या म्हणतात. एवढा बारीक तुकडा सापडतो कसा, कापतात कशाने आणि जोडतात कशाने? कोरोनात घशातला नमुना घेऊन ‘आरटी-पीसीआर’ करत, तेही याच जातीचे का? आणखी एक. आमच्याकडे कापूस आहे. बीटी पऱ्हाटीची सरकी घरी ठेवून पेरली तर पीक धड येत नाही. बियाण्यात मुद्दाम वांझ करणारा तुकडा घातलेला असतो, असे गावात सगळे सांगतात. खरे काय?
(एक वाचक भगिनी, जिल्हा वर्धा)

उत्तर : सासूबाईंना आधी एवढे सांगा, की डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस चुकवू नका. त्या बाटलीत डीएनएचा तुकडा नसतो. तिच्यात असते ते तयार इन्सुलिन, म्हणजे एक प्रथिन. तुकडा कारखान्यातल्या जिवाणूपाशीच राहतो. हे एकदा पक्के झाले की बाकीचे निवांत उलगडता येईल. तुमच्या शंका वेगवेगळ्या दिसतात, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी डीएनएच्या तुकड्यांचे कापणे, जोडणे, त्यांच्या प्रती निघणे आणि त्यांची नव्याने जुळणी होणे हेच आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

तुकडा म्हणजे नेमके काय?

डीएनए हा लांबच लांब, दुपदरी रेणू आहे. त्याच्या प्रत्येक पदरावर चार रासायनिक घटक एकापुढे एक लागलेले असतात : अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. त्यांना थोडक्यात ए, टी, जी, सी म्हणतात आणि सोयीसाठी आपण त्यांना अक्षरे म्हणू. एका पदरात जिथे ए असते तिथे समोरच्या पदरात टीच असते, आणि जीसमोर सीच. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली तेव्हा हा नियम स्पष्ट झाला. पुढचे सारे तंत्र या नियमावर उभे आहे, कारण एक पदर हाती आला की दुसरा कसा असणार हे आपोआप ठरते.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एकेक गुणसूत्र घेतले तर अक्षरे भरतात सुमारे ३१० कोटी. एखादे प्रथिन कसे बनवायचे हे सांगणारा जो पट्टा, त्याला जनुक म्हणतात. डीएनए आणि जनुक हे एकच, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात प्रथिनांचा थेट मजकूर असलेला भाग एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. इन्सुलिनचे जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि ते साधारण १,४०० अक्षरांचे आहे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते असते, पण ते वाचून इन्सुलिन बनवण्याचे काम स्वादुपिंडातल्या बीटा पेशीच करतात.

मग तो तुकडा कुणाचा?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मानवी इन्सुलिन जिवाणूकडून पहिल्यांदा बनवून घेतले गेले ते १९७८ साली, अमेरिकेत. त्यासाठी वापरलेला तुकडा कोणत्याही माणसाच्या अंगातून काढलेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत केइची इताकुरा आणि आर्थर रिग्ज यांच्या गटाने तो रसायने एकमेकांना जोडून बनवला होता, आणि जेनेनटेक या नव्या कंपनीतल्या डेव्हिड गोडेल व सहकाऱ्यांनी तो जिवाणूत बसवला.

मुळात नसलेला मजकूर लिहिणार कसा, असे तुम्ही विचाराल. त्याचे असे आहे. इन्सुलिनची रचना आधीच ठाऊक होती. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनमधली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे, कोणत्या क्रमाने लागली आहेत हे १९५० च्या दशकात शोधले होते. त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले, आणि पुढे माणसाच्या इन्सुलिनचा क्रमही कळला. इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या असतात. एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची. डीएनएची तीन अक्षरे मिळून एक अमिनो आम्ल ठरते, हे १९६० च्या दशकात उलगडले. म्हणजे पहिल्या साखळीसाठी ६३ अक्षरे पुरतात आणि दुसरीसाठी ९०. सुरू-बंद करण्याच्या काही खुणा वेगळ्या. प्रथिनाकडून उलटे जात अक्षरे ठरवली आणि तेवढाच तुकडा प्रयोगशाळेत जोडला.

आणखी एक बारकावा आहे. एकाच अमिनो आम्लासाठी बहुधा एकाहून अधिक त्रिअक्षरी जोडण्या चालतात. संशोधकांनी त्यातल्या जिवाणूला सोयीच्या निवडल्या. त्यामुळे तो तुकडा आपल्या जनुकाशी अक्षराला अक्षर जुळतही नाही, पण त्यावरून बनणारे इन्सुलिन मात्र हुबेहूब माणसाचे असते.

कापणे आणि जोडणे

आता कात्री कोणती, ते पाहू. ती माणसाने घडवलेली नाही. जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. आत शिरलेला विषाणूचा डीएनए तोडून टाकण्यासाठी जिवाणूंपाशी खास विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. अशी विकरे एखादा ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच डीएनए कापतात. स्वतःच्या डीएनएवर त्याच जागी जिवाणूने आधीच एक छोटी रासायनिक खूण चढवून ठेवलेली असते, म्हणून तो स्वतः सुरक्षित राहतो. हा शोध लावून त्याचा उपयोग दाखवणाऱ्या वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना १९७८ चे नोबेल मिळाले.

यातले एक विकर जवळून पाहण्यासारखे आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ‘इ. कोलाय’ जिवाणूच्या एका प्रकारात ‘इको-आर-वन’ नावाचे विकर सापडते. ते डीएनएवर जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरे शोधते आणि जी व ए यांच्या मधोमध काप घेते. समोरच्या पदरावर उलट्या दिशेने वाचले तर हीच सहा अक्षरे येतात, म्हणून तिथेही तसाच काप पडतो. दोन काप समोरासमोर नसल्यामुळे प्रत्येक टोकाला ए-ए-टी-टी अशी चार अक्षरांची एकपदरी शेपटी सुटी राहते. याच विकराने कापलेला दुसरा कोणताही डीएनए घ्या, बेडकाचा, ज्वारीचा किंवा माणसाचा. त्याचीही शेपटी तशीच असते. एसमोर टी हा नियम सगळीकडे सारखा असल्याने दोन अनोळखी तुकडे शेपट्यांपाशी एकमेकांना चिकटतात. मग लायगेज नावाचे विकर तो सांधा पक्का करते. लायगेज हेही पेशींचेच आहे. आपल्या पेशीत डीएनएची डागडुजी करताना ते रोज हेच काम करते.

सहा अक्षरांचा विशिष्ट क्रम सरासरी चार हजार अक्षरांमागे एकदा येतो, कारण चाराचा सहावा घात ४,०९६ होतो. म्हणजे माणसाच्या डीएनएवर हे विकर सोडले तर साडेसात लाखांच्या आसपास तुकडे होतील. त्या गर्दीतून हवा तो शोधायचा कसा, हा तुमचाच प्रश्न. त्यासाठी तुकडे आधी लांबीनुसार वेगळे करतात. लाल समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अ‍ॅगरोजची पारदर्शक, थरथरणारी वडी करतात, तिच्या एका कडेच्या खाचांत नमुना घालतात आणि वडीतून वीजप्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकू लागतो. लहान तुकडे वडीच्या जाळीतून भराभर पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. मग विशिष्ट रंगद्रव्य लावून अतिनील प्रकाश टाकला की तुकड्यांचे नारिंगी पट्टे उजळतात. हवा तो तुकडा ओळखायला त्याला नेमका जुळणारा एकपदरी डीएनएचा छोटा अंश, त्यावर ओळखता येईल अशी खूण लावून, सोडतात. तो फक्त आपल्या जोडीदारालाच जाऊन चिकटतो.

जिवाणूकडून इन्सुलिन

निरनिराळ्या उगमांचा डीएनए जोडून पहिला संकर तयार केला पॉल बर्ग यांनी, १९७२ मध्ये. पुढच्याच वर्षी स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी असा जोडलेला डीएनए जिवाणूत घालून त्याच्या प्रती वाढवून दाखवल्या. ‘आर-डीएनए’ मधला ‘आर’ हा ‘रीकॉम्बिनंट’चा, म्हणजे अशा नव्याने जुळवलेल्या डीएनएचा. तुमच्या बाटलीवरचे शब्द एवढेच सांगतात की हे इन्सुलिन त्या मार्गाने बनले आहे.

जिवाणूत मुख्य गुणसूत्राखेरीज प्लास्मिड नावाची डीएनएची लहानशी कडी असते. ती कडी कापून तिच्यात इन्सुलिनचा तुकडा सांधतात. मग बर्फात ठेवलेल्या, कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणातल्या जिवाणूंमध्ये या कड्या मिसळतात आणि नळी ४२ अंश तापमानाच्या पाण्यात पाऊण मिनिटभर धरून परत बर्फात ठेवतात. या धक्क्याने काही थोडे जिवाणू कडी आत घेतात. ते थोडे निवडण्यासाठी कडीवर प्रतिजैविकाला दाद न देणारे एक जनुकही ठेवलेले असते. प्रतिजैविक घातलेल्या खाद्यावर सगळे जिवाणू पसरले की कडी नसलेले मरतात आणि कडी घेतलेले तेवढे वाढतात.

इ. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. खाद्य पुरत राहिले तर दहा तासांत तीस वेळा दुप्पट होऊन एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात, आणि प्रत्येकाबरोबर त्या तुकड्याचीही प्रत निघते.

जिवाणूने बनवले म्हणजे ते जिवाणूचे इन्सुलिन नव्हे का? नव्हे. तीन अक्षरांचा कोणता संच कोणते अमिनो आम्ल सांगतो, ही लिपी काही किरकोळ अपवाद वगळता साऱ्या सजीवांत एकच आहे. देवनागरी येणाऱ्या हिंदी भाषकाच्या हाती मराठी पत्र दिले, तर अर्थ कळला नाही तरी तो ते वाचून दाखवील आणि ऐकणाऱ्याला निरोप पुरता पोचेल. जिवाणूचेही तसेच आहे. इन्सुलिनचा त्याला स्वतःला काही उपयोग नाही, पण मजकूर तो बरोबर वाचतो.

१९७८ च्या पद्धतीत दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंकडून बनवून घेऊन, शुद्ध करून, मग जोडल्या जात. पुढे एकाच लांब साखळीतून इन्सुलिन काढण्याची पद्धत आली, आणि काही उत्पादक जिवाणूऐवजी यीस्ट वापरू लागले. १९८२ मध्ये अमेरिकेत हे औषध म्हणून मंजूर झाले. त्याआधी जगभरचे मधुमेही कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगत. डुकराचे इन्सुलिन आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे असते आणि गाईचे तीनने. त्यामुळे काही रुग्णांच्या शरीराची त्यावर प्रतिक्रिया उमटे. सासूबाईंना परक्याचीच धास्ती असेल, तर आजच्या बाटलीतले इन्सुलिन त्यांच्या स्वतःच्या इन्सुलिनसारखेच आहे, एवढे खात्रीने सांगता येईल.

ते अंगात जाऊन बसेल का?

नाही. जिवाणू फोडून, गाळून, अनेक टप्प्यांत शुद्ध करून शेवटी प्रथिन तेवढे बाटलीत भरतात. त्वचेखालून रक्तात गेलेले इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटते, साखर आत घ्यायचा संदेश देते आणि काही काळाने शरीर ते मोडून टाकते. म्हणून तर डोस पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएत काही लिहिण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. प्रथिनावरून डीएनए लिहिणारी यंत्रणा आपल्या शरीरात मुळी नाहीच.

हेही लक्षात घ्या, की परका डीएनए पोटात जाणे ही काही नवी गोष्ट नाही. भाकरी, वांगी, दही, मटण या सगळ्यांत भरपूर डीएनए असतो. जन्मभर आपण तो खातो आणि पचवतो. भाकरी खाऊन कुणाच्या अंगात ज्वारीचे जनुक बसत नाही.

आरटी-पीसीआर : प्रती काढायची दुसरी तऱ्हा

ही चाचणी याच घराण्यातली आहे, पण तिचा हेतू वेगळा. इथे काही बनवून घ्यायचे नसते, तर एखादा तुकडा नमुन्यात आहे की नाही ते पाहायचे असते. तो इतका थोडा असतो की आधी त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. जिवाणूशिवाय, नुसत्या नळीत प्रती काढण्याची युक्ती कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. त्याबद्दल त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले.

युक्ती अशी. नमुना ९५ अंशांच्या आसपास तापवला की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. तापमान उतरवून ५५-६० अंशांवर आणले की आधीच घातलेले छोटे एकपदरी अंश हव्या त्या तुकड्याच्या दोन्ही सीमांवर जाऊन बसतात. मग ७२ अंशांवर एक विकर तिथून पुढे समोरचा पदर लिहून काढते. एका फेरीत एकाचे दोन. तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. अडचण अशी होती, की ९५ अंशांना साधे विकर नासून जाई आणि दर फेरीला नवे घालावे लागे. ती सुटली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांमुळे. तिथे वाढणारा ‘थर्मस अ‍ॅक्वॅटिकस’ हा जिवाणू थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्येच नोंदवला होता. उकळत्या पाण्याच्या सोबतीने जगणाऱ्या त्या जिवाणूचे विकर एवढे तापमान सहज सोसते.

कोरोना विषाणूचा मजकूर डीएनएत नसून आरएनए या त्याच्यासारख्याच रेणूत असतो. त्यामुळे आधी आरएनएवरून डीएनए लिहून घ्यावा लागतो. ते काम करणारे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बॉल्टिमोर यांना काही विषाणूंमध्येच सापडले होते. ‘आरटी’ ती हीच पायरी.

कोरोनाकाळात अहवालावर ‘सीटी व्हॅल्यू’ असे आणि घरोघर त्याचे उलटे अर्थ लावले जात. हा आकडा म्हणजे तुकडा यंत्राला दिसण्याइतका वाढायला किती फेऱ्या लागल्या त्याचा. नमुन्यात विषाणू जास्त असेल तर थोड्याच फेऱ्या पुरतात. म्हणून आकडा लहान तितका विषाणू जास्त. प्रत्येक फेरीत दुप्पट होत असल्याने १८ आणि २८ या आकड्यांत साधारण हजारपटीचा फरक असतो. तरी केवळ त्यावरून आजार किती तीव्र हे ठरत नसे, कारण नमुना घशातून कसा आणि कोणत्या दिवशी घेतला यावरही तो अवलंबून असे.

आता सरकी

तुमच्या गावातले निरीक्षण खरे आहे, दिलेले कारण मात्र चुकीचे आहे. वांझ करणारा तुकडा, ज्याला ‘टर्मिनेटर’ म्हणतात, त्याची कल्पना खरोखर मांडली गेली होती आणि १९९८ मध्ये अमेरिकेत तिला पेटंटही मिळाले. पण तसे बियाणे जगात कुठेही बाजारात आले नाही. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात अशा तंत्राच्या वाणाला नोंदणीच नाकारलेली आहे. शिवाय तुमचीच साक्ष आहे, की सरकी उगवते. वांझ असती तर उगवलीच नसती. उगवते, पण पीक धड येत नाही.

कारण आहे संकर. आपल्याकडचे बीटी बियाणे मुख्यत्वे संकरित असते. दोन वेगळ्या, शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीची सारी झाडे एकसारखी आणि जोमदार येतात. ती पिढी पाकिटात असते. त्या झाडांवरची सरकी ही दुसरी पिढी, आणि तिथे निसर्गाची जुळणी सुरू होते.

परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी-शेजारी येतात. एका वाणाकडून आलेले गुणसूत्र आणि दुसऱ्याकडून आलेले गुणसूत्र जागोजागी तुटतात आणि एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधले जातात. मग प्रत्येक परागकणाला जोडीतले एकच मिळते. आपल्याकडे सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या अमेरिकन कापसात गुणसूत्रांच्या २६ जोड्या आहेत. तुकड्यांची अदलाबदल क्षणभर बाजूला ठेवली, तरी केवळ या वाटणीतून सहा कोटींहून अधिक प्रकारचे परागकण होऊ शकतात. अदलाबदल धरली तर मोजदादच नाही. म्हणून घरच्या सरकीतले एक झाड उंच, दुसरे खुजे, एकाची बोंडे लवकर फुटतात तर दुसऱ्याची उशिरा. बीटीचा तुकडा दोनपैकी एकाच पालकाकडून आलेला असेल, तर दुसऱ्या पिढीत सरासरी चारांतल्या एका झाडात तो नसतोच, आणि त्यावर बोंडअळी हमखास येते.

हे बीटीमुळे झाले असते, तर बीटीच्या आधी झाले नसते. पण जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘एच-४’, डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतच्या संशोधन केंद्रात काढला तो १९७० मध्ये. बीटी कापसाला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. मधल्या तीस वर्षांतही संकरित कापसाची सरकी ठेवणाऱ्यांना हाच अनुभव येत होता. बी घरी ठेवायचेच असेल, तर संकरित नव्हे, सरळ वाण घ्यावे लागते.

बीटीचा मूळ तुकडा ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतल्या जिवाणूचा. त्यावरून बनणारे प्रथिन अळीच्या आतड्याला भोके पाडते. तुकडा वनस्पतीत पोचवायला ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियम’ हा जिवाणू वापरतात. हा जिवाणू निसर्गतःच आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या गुणसूत्रात नेऊन बसवतो आणि त्यामुळे झाडावर गाठी येतात. गाठीची जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवले की वाहतूक तो करतो. बीटी म्हणजे सगळ्या किडींपासून सुटका, ही समजूत मात्र सोडायला हवी. मावा, तुडतुडे यांना त्याने काही होत नाही. गुलाबी बोंडअळीही त्याला सरावली, हे विदर्भाने २०१७ च्या हंगामात मोठी किंमत मोजून पाहिले.

परागकण-बीजांड तयार होताना गुणसूत्रांत होणाऱ्या तुकड्यांच्या अदलाबदलीचा अभ्यासालाही मोठा उपयोग झाला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून जितकी लांब, तितकी त्यांच्यामध्ये तुटण्याची शक्यता जास्त. फळमाशीवर काम करणाऱ्या टॉमस हंट मॉर्गन यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने हे ओळखले आणि १९१३ मध्ये केवळ संततीची मोजणी करून गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. तेव्हा डीएनएची रचना कुणाला ठाऊकही नव्हती. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी मक्यात ही अदलाबदल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. मॅक्लिन्टॉकबाईंना पुढे त्याच मक्यात जागा बदलणारे डीएनएचे तुकडे आढळले. कित्येक वर्षे त्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. आपल्या डीएनएचा जवळजवळ अर्धा भाग अशा फिरत्या तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे, हे आता कळले आहे.

मग हे अनैसर्गिक म्हणायचे का?

सासूबाईंच्या बोलण्यामागे खरा प्रश्न हा असावा. डीएनए कापून जोडणे ही क्रिया तरी अनैसर्गिक म्हणता येत नाही. ती त्यांच्या हाडांच्या मगजात या घडीला चालू आहे. रोगजंतू असंख्य प्रकारचे, आणि प्रत्येकासाठी वेगळे प्रतिपिंड लागते, पण तेवढी जनुके आपल्यापाशी नाहीत. म्हणून प्रतिपिंडे बनवणारी प्रत्येक बी-पेशी तयार होताना स्वतःचाच डीएनए कापते. जनुकांच्या तीन गटांतून एकेक तुकडा निवडते आणि सांधते. प्रतिपिंडाच्या मोठ्या साखळीसाठी या गटांत साधारण ४०, २३ आणि ६ तुकडे असतात. नुसता गुणाकार केला तरी साडेपाच हजार जोडण्या होतात. सांध्यावर अक्षरे कमीजास्त होतात आणि दुसरी साखळीही असते, त्यामुळे खरी संख्या कितीतरी पुढे जाते. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये हे दाखवले आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पण निसर्गात घडते एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही, आणि प्रयोगशाळेत घडते एवढ्यावरून घातकही ठरत नाही. ‘डीएनएचा तुकडा जोडला आहे’ या वाक्यातून चांगले-वाईट काहीच कळत नाही. ते कळायला तीन प्रश्न विचारावे लागतात. तुकडा कोणता? तो कोणात बसवला? आणि आपल्यापर्यंत तो तुकडा पोचतो, की त्याने बनवलेला पदार्थ तेवढा?

इन्सुलिनच्या बाबतीत तुकडा जिवाणूत राहतो आणि आपल्याकडे शुद्ध प्रथिन येते. बाळांना देतात त्या हिपॅटायटिस-बीच्या लसीचेही तसेच. विषाणूच्या बाह्य आवरणातल्या एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये बसवतात आणि लसीत ते प्रथिन येते, विषाणू येत नाही. बीटी कापसात तुकडा झाडाच्या पेशीपेशीत आणि सरकीत असतो, शेतातून शेतात जाऊ शकतो. म्हणून त्याची तपासणी वेगळी, परवानगी वेगळी आणि किडींवरची नजरही सतत ठेवावी लागते.

चौथे उदाहरण तुमच्या विदर्भाच्या जिव्हाळ्याचे आहे. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, एच्या जागी टी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने या आजारावर जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मंजुरी दिली. त्यातली कापण्याची युक्तीही जिवाणूंच्या विषाणूविरोधी संरक्षणातूनच आली. इथे मात्र तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालटते. रुग्णाच्या मगजातल्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्या डीएनएतच बदल करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. हा बदल त्या माणसापुरता राहतो, बीजपेशींत होत नसल्यामुळे मुलाबाळांकडे जात नाही. तरीही तो कायमचा असतो, आणि परत सोडलेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी सोसावी लागते. म्हणून अशा उपचारांची कसून परीक्षा व्हायला हवी, आणि आपल्या भागात तो येईल तेव्हा सिकलसेलच्या घरांनी न घाबरता, पण हे तीन प्रश्न विचारूनच निर्णय घ्यावा.